आठ दिवसांची मुदत



दि. २१ ऑक्टोबर १८९६ रोजी क्यूबा बेटाच्या पश्चिम टोकास असलेल्या पिनार देल रिओ ह्या प्रांतासाठी एक आज्ञापत्र निघाले. त्याची भाषा साधी, सरकारी वळणाची होती. खेड्यापाड्यांत अथवा गावांच्या तटबंदीबाहेर राहणाऱ्या सर्व लोकांनी आठ दिवसांच्या आत सैन्याचे ठाणे असलेल्या गावी येऊन राहावे. मुदत संपल्यावर जो कोणी बाहेर आढळेल त्यास बंडखोर समजून त्याप्रमाणे त्याचा न्याय करण्यात येईल. परवानगीवाचून गावाबाहेर अन्नधान्य नेऊ नये. गुरांच्या मालकांनी आपली गुरे गावात किंवा गावालगत आणून ठेवावीत. एवढाच त्याचा सारांश. त्यात संतापाचा एक शब्द नव्हता. तरीही ह्या आणि अशाच इतर आज्ञांमुळे अवघ्या १६ लाखांच्या आसपास वस्ती असलेल्या त्या बेटावर किमान १ लाख, आणि अलीकडच्या काही अभ्यासकांच्या मते दीड लाखाहून अधिक, माणसे उपासमारीने व रोगराईने मृत्युमुखी पडली. मृतांत स्त्रिया, मुले आणि वृद्ध ह्यांचा भरणा मोठा होता. आज्ञापत्राखाली सही होती ती स्पेनच्या क्यूबातील सेनापतीची, जनरल वालेरिआनो वेयलर ह्याची.

त्या काळच्या अमेरिकन वृत्तपत्रांनी वेयलरला ‘कसाई’ ही पदवी दिली आणि ती त्याला कायमची चिकटली. तो निर्दोष होता असे मी म्हणणार नाही. त्याचा अपराध घोर होता. परंतु ‘कसाई’ हा शब्द उच्चारून आपण मोकळे होतो आणि त्या शब्दाच्या आड अनेक सभ्य माणसे लपून राहतात, असे मला वाटते. त्या सभ्य माणसांविषयी आज चार शब्द लिहावयाचे आहेत.

प्रथम पार्श्वभूमी पाहू. अमेरिका खंडातील स्पेनचे बहुतेक साम्राज्य एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थांशातच गळून पडले होते. उरली होती ती मुख्यत्वे क्यूबा आणि पोर्तो रिको ही दोन बेटे. क्यूबा म्हणजे उसाचे आगर. साखरेवर स्पेनची तिजोरी भरत असे आणि ऊस पिकविण्यासाठी आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांची प्रथा तेथे १८८६ सालापर्यंत चालू होती. १८६८ मध्ये क्यूबन लोकांनी स्वातंत्र्यासाठी पहिला उठाव केला. तो दहा वर्षे चालला आणि १८७८ मध्ये सांहोन येथील तहाने थांबला. तहातील आश्वासने पुरतेपणी पाळली गेली नाहीत, आणि २४ फेब्रुवारी १८९५ रोजी उठावाची आग पुन्हा भडकली. तिचा आत्मा होता होसे मार्ती हा कवी आणि पत्रकार. तो त्याच वर्षी १९ मे रोजी दोस रिओस येथील चकमकीत पडला. पण त्याच्या मागे माक्सिमो गोमेस हा वयोवृद्ध, कसलेला सेनापती होता, आणि आफ्रिकी वंशाचा वारसा सांगणारा आंतोनियो मासेओ हा असामान्य पराक्रमी योद्धा होता. ह्या दोघांच्या सैन्याने पूर्व टोकाकडून निघून तीन महिन्यांत सबंध बेट पश्चिमेपर्यंत पालथे घातले.

त्यांची युद्धपद्धती मराठी वाचकास समजावून सांगण्याची गरज नाही. तिच्यासाठी आपल्या भाषेत ‘गनिमी कावा’ हा शब्द पूर्वीपासून रूढ आहे. समोरासमोरची लढाई टाळावी, अकस्मात घाला घालावा आणि रानात नाहीसे व्हावे. अशा युद्धास एका गोष्टीचा आधार लागतो, आणि तो म्हणजे रयतेचा. शेतकरी भाकर देतो, वाट दाखवितो, शत्रूची बातमी आणतो आणि जखमी सैनिकास झोपडीत लपवितो. बलाढ्य सरकारी फौजेला बंडखोर सापडत नाहीत, पण शेतकरी मात्र जागच्या जागी सापडतो. मग सरकारच्या मनात एक विचार येतो: मासे पकडता येत नसतील तर तळेच आटवून टाकावे.

हा विचार वेयलरच्या डोक्यातून प्रथम निघाला नाही, ही गोष्ट पुष्कळांस माहीत नसते. त्याच्यापूर्वी क्यूबात सेनापती होता आर्सेनिओ मार्तीनेस काम्पोस. सांहोनचा तह घडवून आणणारा तो हाच. १८९५ च्या जुलै महिन्यात, मासेओशी झालेल्या एका लढाईत थोडक्यात बचावल्यानंतर, त्याने स्पेनचा पंतप्रधान कानोवास ह्यास एक पत्र लिहिले. त्याचा आशय असा: खेड्यांतील कुटुंबे ठाण्यांच्या गावी गोळा करता येतील, परंतु त्यामुळे भयंकर उपासमार आणि दैन्य ओढवेल. सुधारलेल्या राष्ट्राचा प्रतिनिधी म्हणून क्रौर्याचा पहिला धडा घालून देणे आपल्याच्याने होणार नाही. आणि मग पुढे त्याने लिहिले की, हे धोरण स्वीकारावयाचेच असेल तर त्यास योग्य असा माणूस स्पेनमध्ये एकच आहे, वेयलर!

मित्रहो, ह्या पत्रापाशी आपण थोडे थांबावे असे मला वाटते. ज्या माणसाने ते लिहिले तो दुष्ट नव्हता. उलट, परिणाम काय होईल हे त्याला स्वच्छ दिसत होते. इतके स्वच्छ की, पुढे जे घडले त्याचे वर्णन त्याने जवळजवळ आधीच करून ठेवले होते. स्वतःचे हात त्या कामात घालण्यास त्याने नकार दिला. हा नकार लहान नव्हे. पदावर असलेल्या किती माणसांना असा नकार देता येतो? म्हणून इतिहासकार त्याचे कौतुक करतात आणि ते योग्यच आहे. पण ह्या नकारात एक उणीव राहून गेली. ‘हे कृत्य मी करणार नाही’ एवढे म्हणून तो थांबला नाही, आणि ‘हे कृत्य कोणीही करू नये’ असेही त्याने म्हटले नाही. ते करण्यास कोण योग्य आहे हे त्याने सांगितले. आपली सदसद्विवेकबुद्धी त्याने शाबूत राखली, पण क्यूबातील शेतकऱ्याच्या पदरी त्या सद्बुद्धीचे फळ पडले नाही.

पंतप्रधान कानोवासने त्या सूचनेचा उपयोग केला. १० फेब्रुवारी १८९६ रोजी वेयलर हवाना बंदरात उतरला आणि त्याच महिन्यात पूर्वेकडील काही भागांसाठी एकवटीकरणाची पहिली आज्ञा निघाली. हा गृहस्थ अडाणी शिपाईगडी नव्हता. तो कुशाग्र बुद्धीचा, शिस्तप्रिय, कष्टाळू आणि गनिमी युद्धाचा अनुभव असलेला अधिकारी होता. पहिल्या क्यूबन उठावात तो स्पेनच्या बाजूने लढला होता आणि पुढे फिलिपाईन्सचा मुख्य अधिकारीही होता. त्याने बेटाचे तुकडे पाडणाऱ्या तटबंदीच्या रांगा, ज्यांना स्पॅनिश भाषेत ‘त्रोचा’ म्हणतात, मजबूत केल्या. मग एकेका तुकड्यातील खेडी रिकामी करावयाची, झोपड्या जाळावयाच्या, उभी पिके आणि गुरे नष्ट करावयाची किंवा उचलून न्यावयाची, आणि माणसांना काटेरी तारांच्या व चौक्यांच्या आत कोंडावयाचे, असा क्रम सुरू झाला.

आता पाहा, हे यंत्र कसे चालते. शेतकऱ्याला गावात आणले. पण त्याला राहावयास घर नाही. हवाना शहरात लॉस फोसोस नावाच्या पडक्या जागेत शेकडो माणसे ओल्या जमिनीवर पडलेली असत. त्याला अन्न कोण देणार? त्याने पिकविलेले तर जाळून टाकलेले. लष्कराला आपल्या शिपायांचे पगार वेळेवर देता येत नव्हते, तेथे ह्या लाखो लोकांचे शिधे कोठून येणार? गावालगत लागवडीसाठी काही जमिनी नेमून दिल्या होत्या. पण बियाणे नाही, बैल नाहीत, आणि पीक येईपर्यंत पोटात घालावयास काही नाही. त्यात गर्दी, घाण पाणी, देवी, हगवण आणि हिवताप. तलवारीने मारावयाचे म्हटले तर मारणाऱ्याचा हात कधी तरी थरथरतो. येथे कोणाचाच हात थरथरण्याचे कारण उरले नव्हते. कारकुनाने यादी केली, शिपायाने पहारा केला, आणि उरलेले काम भुकेने केले.

ह्या शिपायांचीही कहाणी ऐकण्यासारखी आहे. ह्या युद्धात स्पेनने सुमारे २ लाख सैनिक समुद्रापार पाठविले. त्यांत बहुतेक गरिबांची मुले होती. कारण पैसे भरून सक्तीच्या लष्करी नोकरीतून सुटण्याची सोय श्रीमंतांना होती. त्यांपैकी जे मेले त्यांतील बहुसंख्य गोळीने मेले नाहीत. पीतज्वराने आणि इतर रोगांनी मेले. हा ज्वर डासांमुळे पसरतो असा सिद्धान्त हवानाच्याच कार्लोस फिनले नावाच्या डॉक्टराने १८८१ मध्ये मांडला होता, पण तिकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही.

वेयलरच्या बाजूने जे बोलले जाते तेही न्यायबुद्धीने ऐकले पाहिजे. पहिला मुद्दा असा की, बंडखोरांचे हातही स्वच्छ नव्हते. हे खरे आहे. गोमेसने उसाचे मळे जाळण्याची आणि साखर कारखान्यांस मदत करणाऱ्या मजुरास देशद्रोही समजण्याची आज्ञा दिली होती. स्पेनची तिजोरी रिकामी करणे हा त्याचा हेतू. पण त्यामुळेही गरिबांच्या पोटावर पाय आला. स्वातंत्र्याचे ध्येय थोर असले म्हणून त्यासाठी केलेली प्रत्येक गोष्ट थोर ठरत नाही. परंतु ह्यावरून काय सिद्ध होते? दोन सैन्यांच्या कात्रीत सापडलेल्या शेतकऱ्याचे रक्षण करण्याचे काम ज्या सरकारचे, त्या सरकारची जबाबदारी वाढते. ती कमी होत नाही.

दुसरा मुद्दा वृत्तपत्रांचा. न्यूयॉर्कच्या काही पत्रांनी खपाच्या लोभाने अनेक अतिरंजित, प्रसंगी खोट्याही कहाण्या छापल्या, हे निर्विवाद आहे. पण मूळ दुःख खोटे नव्हते. रेडफील्ड प्रॉक्टर नावाचा एक अमेरिकन सिनेटर, हे सारे फुगवून सांगितलेले असावे अशा समजुतीनेच क्यूबात गेला. परत आल्यावर १७ मार्च १८९८ रोजी आपल्या सभागृहात, आवाज न चढविता, जे डोळ्यांनी पाहिले तेवढेच त्याने सांगितले. आणि वृत्तपत्रांच्या आरोळ्यांपेक्षा त्या शांत निवेदनाचा परिणाम अधिक झाला. लिहिणाऱ्या मुलांनी हे ध्यानात ठेवावे. सत्य पुरेसे भयंकर असते तेव्हा त्याला तिखटमीठ लावू नये. लावले तर पुढे त्या सत्यावरही कोणी विश्वास ठेवीत नाही.

तिसरा मुद्दा सर्वांत जड आहे: ‘युद्ध म्हणजे युद्ध; उपाय कठोर होता, पण तो यशस्वी होत होता.’ खरोखरच ७ डिसेंबर १८९६ रोजी मासेओ हवानाजवळ मारला गेला, आणि गोमेसचा तरुण मुलगा त्याच्या शेजारी पडला. पश्चिमेकडील उठाव क्षीण झाला. पण पूर्वेकडे तो जिवंत राहिला, आणि राजसत्तेविषयी ज्यांना काही वाटत नव्हते अशा कुटुंबांच्या मनातही आता तिच्याविषयी द्वेष भरला. ऑगस्ट १८९७ मध्ये कानोवासची हत्या झाली. नवा पंतप्रधान सागास्ता ह्याने वेयलरला परत बोलाविले. त्याच्या जागी आलेल्या रामोन ब्लांकोने ती आज्ञा सैल केली आणि मार्च १८९८ मध्ये ती रद्द झाली. पण जळालेली झोपडी आज्ञापत्र रद्द केल्याने पुन्हा उभी राहत नाही. माणसे मोकळी झाली तरी जावे कोठे हे त्यांना कळेना. एप्रिलमध्ये अमेरिकेने युद्ध पुकारून बंदरांची नाकेबंदी केली, तेव्हा उरलेसुरले अन्नही अडले. डिसेंबर १८९८ च्या पॅरिसच्या तहाने स्पेनने क्यूबावरील हक्क सोडला. ज्या बेटासाठी एवढे केले ते बेट गेलेच. उपाय यशस्वी होता असे म्हणणाऱ्याने हा हिशेबही मांडावा. आणि समजा, तो यशस्वी झाला असता, तरी लाखभर निरपराध्यांच्या प्रेतांवर मिळविलेल्या यशास यश म्हणावे काय?

आता त्या सभ्य माणसांकडे पुन्हा वळू. अमेरिकेचे अध्यक्ष मॅकिन्ली ह्यांनी डिसेंबर १८९७ मध्ये आपल्या वार्षिक संदेशात वेयलरच्या धोरणाचा कडक शब्दांत निषेध केला. हे सुधारलेल्या राष्ट्राचे युद्ध नव्हे, हा संहार आहे, असा त्याचा भाव होता. पण स्पेनकडून फिलिपाईन्स बेटे अमेरिकेने घेतली आणि तेथील स्वातंत्र्ययोद्धे तिच्याविरुद्ध उठले, तेव्हा काय झाले? डिसेंबर १९०१ मध्ये बातांगास प्रांतात जनरल बेल ह्याने शेतकऱ्यांना नेमलेल्या क्षेत्रांत गोळा होण्याची आज्ञा दिली आणि बाहेरचे धान्य नष्ट करविले. त्याच सुमारास दक्षिण आफ्रिकेत इंग्रज सेनापती किचनेर ह्याच्या अमदानीत बोअर शेतकऱ्यांची घरे जाळून त्यांच्या बायकामुलांना छावण्यांत कोंडण्यात आले. त्या छावण्यांत २५ हजारांहून अधिक बोअर माणसे मेली, त्यांत बहुतेक मुले. आणि कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या छावण्यांतही हजारो मेले, ज्यांची नीट मोजदाददेखील झाली नाही. तेथे एमिली हॉबहाउस नावाची एक इंग्रज स्त्री स्वतः जाऊन आली आणि तिने आपल्याच देशबांधवांना सत्य सुनावले. तिला देशद्रोही म्हणून हिणविण्यात आले. तरी ती गप्प बसली नाही.

काम्पोस आणि हॉबहाउस ह्यांत जो फरक आहे तोच मला आज दाखवावयाचा आहे. त्याच्या हाती अधिकार होता; तो बाजूला झाला आणि दुसऱ्याचे नाव सुचविले. तिच्या हाती काहीच अधिकार नव्हता. ती पुढे झाली.

कोणी विचारील की, गोव्यातल्या मुलांना इतक्या दूरच्या बेटाची ही उठाठेव कशाला? क्यूबात ठिणगी पडली त्याच १८९५ साली आपल्याकडेही पोर्तुगीज सैन्यातील देशी शिपायांनी आफ्रिकेत जाण्याचे नाकारून बंड केले. सत्तरीचे राणे त्यांस मिळाले, आणि ते मोडण्यासाठी लिस्बनहून राजाच्या धाकट्या भावाच्या हाताखाली फौज आली. म्हणजे साम्राज्याची आज्ञा कशी असते हे आपल्या पणजोबांना पुस्तकांतून शिकावे लागले नाही. पण माझे कारण एवढेच नाही. परक्यांच्या जुलमाविषयी संताप येणे सोपे आहे. १९६७ साली मिझो टेकड्यांतील बंडाळी मोडण्यासाठी आपल्या स्वतंत्र देशाच्या सरकारनेही तेथील खेडी उठवून रस्त्यालगतच्या वसाहतींत गोळा केली होती. क्यूबाची आणि त्या घटनेची बरोबरी करणे अन्यायाचे होईल. तेथे तसा संहार झाला नाही, आणि १९८६ मध्ये सन्मानाने समेट झाला. पण आपले घर डोळ्यांदेखत जळताना पाहणाऱ्या मिझो म्हातारीला ती आज्ञा कोणत्या झेंड्याखाली निघाली ह्याने फारसा फरक पडला नसेल. ही गोष्ट बोलून दाखविल्याने देशभक्तीस बाध येत नाही. जो आपल्या घरातील दोष पाहू शकतो त्याच्याच तोंडी दुसऱ्याच्या दोषाची चर्चा शोभते.

जनरल वेयलर पुढे स्पेनमध्ये अनेकदा युद्धमंत्री झाला, त्याला मोठमोठे किताब मिळाले, आपल्या क्यूबातील कारभाराचे समर्थन करणारा पाच खंडांचा ग्रंथ त्याने लिहिला, आणि १९३० साली, वयाच्या ९२ व्या वर्षी, माद्रिद येथे तो वारला. शेवटपर्यंत आपण कर्तव्यच केले अशी त्याची खात्री होती. ज्यांनी त्याला नेमले, ज्यांनी याद्या केल्या, ज्यांनी साखरेच्या बाजारभावाकडे डोळे लावून बाकी सर्व गोष्टींकडे पाठ फिरविली, त्यांना तर कोणी नावेही ठेवली नाहीत.

तुमच्यापैकी काही मुले-मुली उद्या कचेऱ्यांत बसतील, काही सैन्यात जातील, काहींच्या सहीने आज्ञा निघतील. ज्या आज्ञेत मुदत लिहिलेली आहे, शिक्षा लिहिलेली आहे, पण त्या माणसांनी खावे काय आणि राहावे कोठे हे लिहिलेले नाही, अशी आज्ञा हाती आली तर ती दोनदा वाचा. ती चुकीची वाटली तर नकार द्या. आणि नकार देताना, हे काम करण्यास दुसरा कोण बरा, हे मात्र कोणी विचारले तरी सांगू नका. उलट त्याच कागदावर, त्याच शाईने, ते काम होऊ नये असे लिहा आणि खाली आपली सही करा.